अवकाशाची गोष्ट सांगायची, पण बरोबर सांगायची: नव्यांसाठी काही पायऱ्या

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या ठिपक्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. लगेच मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कुणी उल्कापात म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं, कुणी थेट क्षेपणास्त्रापर्यंत गेलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा एक टप्पा वातावरणात शिरून जळाला आणि त्याचेच हे अवशेष असावेत, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी दिला.

अशा वेळी ज्याला आकाशाचं थोडंफार कळतं त्याचा फोन वाजतो. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, दुर्बीण घेऊन आकाशदर्शनाला जाणारा कॉलेजचा मुलगा, तालुक्याच्या दैनिकाचा वार्ताहर. ‘हे काय होतं हो?’ हा लेख या मंडळींसाठी आहे. खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती एक सवय: विशेषण लावण्याआधी मोजमाप बघायचं.

पायरी १: काय दिसलं ते आधी नीट विचारून घ्या

लाडबोरीचंच घ्या. ती चित्रफीत पाहून, कुठलंही संकेतस्थळ न उघडता, बरंच काही सांगता आलं असतं. उल्का सेकंदाला किमान ११ आणि जास्तीत जास्त सुमारे ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. बहुतेक उल्का ‘ती बघ’ म्हणेपर्यंत विझतात. पृथ्वीभोवती फिरणारा रॉकेटचा टप्पा किंवा निकामी उपग्रह खाली येतो तेव्हा वेग साधारण ७ ते ८ किलोमीटर असतो, तोही जवळजवळ आडव्या मार्गाने. म्हणून तो मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ दिसतो, वाटेत तुटतो आणि त्याचे तुकडे एकामागोमाग एकाच दिशेने जातात. पाडव्याला दिसलं ते नेमकं हेच होतं.

तेव्हा फोन आला की ‘काय होतं’ या प्रश्नाचं उत्तर देण्याची घाई करू नका. उलट विचारा: किती वाजता, किती वेळ, कुठून कुठे, एक ठिपका की अनेक, आवाज आला का, आला तर दिसल्यावर किती वेळाने? पाच प्रश्नांतच निम्मी उत्तरं मिळतात. स्टारलिंकचे उपग्रह नुकतेच सोडलेले असतील तर माळेसारखी शिस्तीत जाणारी रांग दिसते, ती तुटत नाही आणि मागे शेपूट सोडत नाही. हलत नसेल आणि संध्याकाळी पश्चिमेला झगझगत असेल, तर बहुतेक वेळा तो शुक्र असतो.

आणि तुकडा सापडला असं कळलं तर पहिलं वाक्य विज्ञानाचं नको, सुरक्षेचं हवं: हात लावू नका, पोलिसांना कळवा. रॉकेटच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश राहू शकतो. ‘आकाशातून पडलेला किमती धातू’ अशी वावडी गावात फार लवकर पसरते.

पायरी २: बातमीच्या उगमापर्यंत जा

जुलै २०२५ मध्ये एक संदेश सगळ्या गटांवर फिरत होता: २ ऑगस्टला संपूर्ण जग सहा मिनिटं अंधारात बुडणार. यात किती खरं होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण अफवा सहसा पूर्ण खोटी नसते. २ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण आहे, पण ते २०२७ सालचं. त्यात खग्रास स्थिती इजिप्तमध्ये लक्सरजवळ जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे, तीही दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जाणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल, दुपारी उशिरा, ढगांनी परवानगी दिली तर. म्हणजे तारीख खरी, मिनिटं खरी. साल गळलं आणि पट्ट्याचं ‘संपूर्ण जग’ झालं.

दर ऑगस्टमध्ये उगवणारी ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ ही अफवाही अशीच. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. मूळ मजकुरात म्हटलं होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा वाटेल. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळली. साल तर कधीचंच गळलं होतं.

म्हणून काहीही पुढे पाठवण्याआधी मूळ ठिकाण गाठा. भारतीय मोहिमांसाठी इस्रोचं संकेतस्थळ. ग्रहणांच्या भारतातल्या वेळांसाठी कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर, जे राष्ट्रीय पंचांग काढतं. लघुग्रहांसाठी नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची आणि युरोपीय अवकाश संस्थेची यादी. आणि सगळ्यात हाताशी असलेलं साधन म्हणजे स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर: आपलं गाव टाका, तारीख आणि वेळ टाका, आकाश समोर. ‘सहा ग्रह एका रेषेत’ असा संदेश आला की दोन मिनिटांत कळतं की ते आकाशात भल्या मोठ्या कमानीवर पसरलेले आहेत आणि त्यातले दोन दुर्बिणीशिवाय दिसणारही नाहीत.

पायरी ३: ‘आपल्याकडे दिसेल का?’

परदेशी बातमीतली वेळ बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा, आणि तारीख बदलते का ते बघा. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाची खग्रास स्थिती आपल्याकडे रात्री अकराला सुरू झाली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली. नुसतं ‘८ तारखेला ग्रहण’ असं वाचलेला माणूस दुसऱ्या रात्री गच्चीवर जाऊन बसला असता.

वेळ जमली तरी ऋतूचं काय? ययाती तारकासमूहातल्या उल्कावर्षावाच्या बातम्या १२-१३ ऑगस्टला मोठ्या थाटात छापल्या जातात. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्या वेळी छत्री उघडावी लागते, उल्का कसल्या दिसतात! लोकांना स्पष्ट सांगा की आपल्यासाठी खरा उल्कावर्षाव डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा, मिथुनेचा. ‘ताशी शंभराहून अधिक उल्का’ या आकड्याचा अर्थही सांगा: पूर्ण अंधारं आकाश आणि उल्कांचा उगमबिंदू थेट डोक्यावर असेल, तर. शहरातल्या गच्चीवरून तासाभरात मोजक्याच दिसतील. हे आधी सांगितलं की लोक कमी येतात, पण आलेले चिडून जात नाहीत.

पायरी ४: आकडे मराठी कानाला कळतील असे करा

‘१३.८ बिलियन’ लिहिलेलं पाहून कुणी ते १३.८ कोटी करतं, कुणी लाख. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. एवढी चिठ्ठी टेबलावर चिकटवून ठेवा. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळपास ९.४६ लाख कोटी किलोमीटर. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही, हे दर वेळी एका वाक्यात सांगावंच लागतं. कंटाळू नका.

पण शून्यं मोजून कुणाच्या डोक्यात अंतर शिरत नाही. त्यासाठी एक बास्केटबॉल आणि एक टेनिसचा चेंडू जवळ ठेवा. बास्केटबॉल म्हणजे पृथ्वी, साधारण २४ सेंटिमीटर. टेनिसचा चेंडू त्याच प्रमाणात जवळजवळ बरोबर चंद्राएवढा. मुलांना चंद्र योग्य अंतरावर धरायला सांगा. पुस्तकातल्या आकृत्या बघून वाढलेली मुलं तो हातभर अंतरावर धरतात. खरं अंतर तीस बास्केटबॉल, म्हणजे सव्वासात मीटर: वर्गाच्या फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कुठे, ते विचारा. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागापासून पाऊण सेंटिमीटर! ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य इथेच मोडतं. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण जवळजवळ ९० टक्के शिल्लक असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचं यान सारखेच पृथ्वीकडे पडत असतात आणि त्याच वेळी इतक्या वेगाने पुढे जात असतात की जमीन लागतच नाही.

याच मापाने सूर्य २६ मीटर व्यासाचा आणि २.८ किलोमीटर दूर. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य एल-१ कुठे? बास्केटबॉलपासून २८ मीटरवर. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत पोचलं, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर. सूर्याच्या अंतराच्या हे एक टक्का. ‘सूर्यावर स्वारी’ असे मथळे तेव्हा सर्रास आले. यानाचं मोठेपण जवळ जाण्यात नाहीच. तिथून सूर्य अखंड दिसतो, मध्ये पृथ्वी आड येत नाही, हे त्याचं मोठेपण. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत विकसित झाली, हे आपल्या वाचकांना सांगायला जागा ठेवा. मथळ्यातली स्वारी काढली की तेवढी जागा आपोआप मिळते.

पायरी ५: अभिमान ठेवा, विशेषण तपासा

चांद्रयान-३ चं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी उतरलं. कुठे? ‘दक्षिण ध्रुवावर’, असं शेंबडं पोरही सांगेल. उतरण्याची जागा सुमारे ६९.४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. ध्रुव ९० अंशांवर. चंद्रावर एक अंश म्हणजे जवळपास ३० किलोमीटर, तेव्हा ध्रुव तिथून ६०० किलोमीटरहून अधिक दूर राहिला. ‘दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात’ म्हटलं की वाक्य बरोबर होतं, आणि त्यात काहीही कमी होत नाही. त्याआधीचं कुठलंच यान इतक्या दक्षिणेला अलगद उतरलं नव्हतं. इथे ‘त्याआधीचं’ हा शब्द महत्त्वाचा आहे: फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं ओडिसियस सुमारे ८० अंश दक्षिणेला उतरलं. विक्रम मोडण्यासाठीच असतात. आपला मजकूर दोन वर्षांनी वाचला तरी खरा राहील असा लिहायचा.

त्याच मोहिमेतली दुसरी बातमी: ‘चंद्रावर ऑक्सिजन सापडला’. प्रज्ञान या बग्गीवरच्या उपकरणाने लेझर मारून मातीतली मूलद्रव्यं ओळखली. त्यात गंधक मिळालं ही खरी बातमी होती. ऑक्सिजनही मिळाला, पण तो खनिजांमध्ये बांधलेला. चंद्राच्या खडकाचं वजन केलं तर त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग ऑक्सिजनच भरतो, जसा आपल्या काळ्या बेसॉल्टचाही भरतो. सह्याद्रीच्या कड्यावर नाक टेकवून कुणी श्वास घेत नाही. ‘पाणी सापडलं’ या बातमीलाही हीच कसोटी लावा: द्रव, बर्फ, की खनिजाला चिकटलेले रेणू? किती, कुठे, कशाने मोजलं?

पायरी ६: किती खात्री आहे तेही सांगा

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि नवा माणूस इथेच घसरतो. कारण लोकांना हो किंवा नाही हवं असतं.

२७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीने एक लघुग्रह टिपला, नाव २०२४ वायआर४, आकार साधारण साठ मीटर. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के सांगितली गेली. संभाव्य पट्टा दक्षिण आशियावरूनही जात होता, त्यामुळे मुंबईचं नाव बातम्यांत आलं. आठवडाभरात शक्यता जवळजवळ शून्यावर आली. लोक म्हणाले, ‘बघा, शास्त्रज्ञांनाच काही कळत नाही.’

खरं तर गणित चोख चाललं होतं. सुरुवातीला निरीक्षणं थोडी असतात, म्हणून २०३२ च्या त्या दिवशी लघुग्रह अवकाशातल्या ज्या पट्ट्यात कुठेतरी असेल तो पट्टा प्रचंड लांब असतो. पृथ्वी त्यात एक बारीक ठिपका. नवी निरीक्षणं येतात, पट्टा आखडतो. पृथ्वी अजून आतच असेल तर आखडलेल्या पट्ट्यातला तिचा वाटा वाढतो, म्हणून टक्केवारी चढते. पट्टा आणखी आखडून पृथ्वी बाहेर पडली की टक्केवारी धाडकन खाली. एखाद्या कार्यक्रमात हे फळ्यावर एक रेघ ओढून, दोन्ही टोकांनी ती पुसत पुसत दाखवा. मग सांगा: ‘पुढच्या वेळी आकडा काही दिवस वाढेल आणि मग बहुधा शून्य होईल. वाढला म्हणजे लगेच घाबरायचं नाही.’ आणि ३.१ टक्के छापताना शेजारीच ‘न आदळण्याची शक्यता ९६.९ टक्के’ हेही छापा.

घराजवळचं उदाहरण हवं असेल तर लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आघाताने झालं, याबद्दल आज शंका नाही. पण कधी झालं? एका पद्धतीने वय निघालं सुमारे ५२ हजार वर्षं, नंतर आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीचा फरक! सहलीला आलेल्या मुलांना एकच आकडा ठोकून सांगण्यापेक्षा दोन्ही सांगा, आणि फरक का पडतो तेही: पहिल्या पद्धतीत खनिजं शेवटची कधी तापली यावरून वय काढतात, दुसरीत आघाताने वितळलेल्या खडकात तेव्हापासून किती आरगॉन साठला यावरून. मुलांना हे जड जात नाही. शिक्षकांना कधीकधी जातं, कारण परीक्षेत एकच उत्तर लिहायचं असतं.

केटू-१८बी या दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा, ही एप्रिल २०२५ ची बातमीही याच वर्गातली. संशोधकांनीच सांगितलं होतं की पुरावा शोध म्हणून मान्य व्हायला लागतो तेवढा भक्कम नाही. आपल्यापर्यंत येताना ते वाक्य वाटेत पडलं. अशा बातमीत ‘अजून कुणी दुसऱ्याने तपासलं का?’ एवढा प्रश्न जरी जोडला तरी पुरे.

पायरी ७: चित्राखालची ओळ

दर दिवाळीला ‘नासाने टिपलेला उजळलेला भारत’ येतो. रंगीबेरंगी ठिपक्यांचं ते चित्र अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या शास्त्रज्ञाने बनवलं होतं. वेगवेगळ्या वर्षांतला रात्रीचा उजेड वेगवेगळ्या रंगांत दाखवून वस्ती कशी वाढली ते त्यात मांडलं आहे. दिवाळीशी संबंध नाही. एका रात्रीचा तर नाहीच.

१० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र खरं आहे, पण तो नारिंगी रंग रेडिओलहरींच्या तीव्रतेला दिलेला आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतले रंग अवरक्त किरणांचे. हे ‘खोटे रंग’ नाहीत, आपल्या डोळ्यांसाठी केलेली मांडणी आहे. चित्राखाली तीन गोष्टी लिहा: कुणी काढलं, कोणत्या किरणांत, की चित्रकाराची कल्पना. कल्पनाचित्र असेल तर अक्षरं मोठी ठेवा.

पायरी ८: ग्रहण आणि समोरची आजी

हा प्रश्न येणारच. कार्यक्रम संपता संपता एखाद्या आजी पुढे येतात: ‘बाळा, सुनेला सातवा महिना आहे. ग्रहणात बाहेर पाठवू का?’ इथे अंधश्रद्धेवर भाषण ठोकलंत तर आजी गेल्या आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या चौघीही गेल्या. ‘आजी, ग्रहणात सूर्यातून वेगळं काहीच निघत नाही, चंद्राची सावली पडते इतकंच. सुनेला चक्कर येईल असं उपाशी ठेवू नका, पाणी प्यायला द्या. बाहेर यायचं असेल तर फक्त चष्मा लावल्याशिवाय सूर्याकडे बघू नका, हे तुम्हालाही आणि मलाही लागू.’ एवढं पुरतं. ‘वेध पाळू नका’ असं म्हणायची गरजही पडत नाही.

चष्म्याच्या बाबतीत मात्र गुळमुळीत बोलायचं नाही. आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारा ग्रहणचष्मा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून कागदावर पडणारी प्रतिमा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही चालत नाही. दृष्टिपटल भाजताना दुखत नाही, इजा काही तासांनी कळते. म्हणून ‘मी बघितलं, मला काही झालं नाही’ ही साक्ष ग्राह्य धरू नका. चंद्रग्रहण खुशाल नुसत्या डोळ्यांनी बघावं.

पायरी ९: पहिला कार्यक्रम

पौर्णिमेला ठेवू नका. पूर्णचंद्र दुर्बिणीतून सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. शुक्ल सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात, त्या पाहून माणूस ‘अरे!’ म्हणतोच. शिवाय संध्याकाळी चंद्र उंच असतो आणि मुलांना वेळेत घरी जाता येतं. शनी दाखवणार असाल तर रांगेतच सांगा की तो हरभऱ्याच्या दाण्याहून लहान दिसेल आणि फोटोतल्यासारखे रंग नसतील. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीच्या दिशेने अगदी धारेवर आली होती, तेव्हा जुन्या आठवणीवरून कड्यांची फार स्तुती आधीच करून ठेवू नका, कार्यक्रमाच्या महिन्यात ती कशी दिसतात ते बघून ठेवा.

बोलण्याचा मजकूर कार्यक्रमाआधी विज्ञान न शिकलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता मला सांग’ असं म्हणा. तो जिथे अडतो किंवा भलतंच सांगतो, ते वाक्य बदला. कार्यक्रमानंतर काही चुकीचं गेल्याचं लक्षात आलं तर त्याच गटावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती टाका. आधीचा संदेश गुपचूप पुसू नका, तो तोवर दहा गटांवर गेलेला असतो. रांगेतल्या लहान मुलांसाठी दुर्बिणीजवळ एक स्टूल ठेवा, आणि त्यांना आधीच बजावून सांगा की नळीला धरून चढायचं नाही.